मैदानाचे दप्तर

जून महिन्याच्या मध्यावर, पहिल्या पावसाच्या सरींबरोबर, महाराष्ट्रातील असंख्य घरांत एक लहानसे स्थित्यंतर घडत असते आणि त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. ज्या मुलाने चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत गावातल्या प्राथमिक शाळेत एकाच गुरुजींच्या अथवा बाईंच्या नजरेखाली दिवस काढलेले असतात, ते मूल एकाएकी हायस्कुलाच्या विस्तीर्ण इमारतीत जाऊन पडते. तेथे तासातासाला घंटा होते आणि घंटेगणिक शिक्षक बदलतो. गणिताचे सर निराळे, विज्ञानाच्या बाई निराळ्या, आणि गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उभे असलेले पी.टी.चे सर तर सर्वांहून निराळे. प्रवेशाच्या वेळी कचेरीतून जो छापील कागद पालकांच्या हाती पडतो, त्यात रोजच्या गणवेशाच्या तपशिलाखाली दोन ओळींत लिहिलेले असते की शनिवारी पांढरा गणवेश, पांढरे कॅनव्हासचे बूट व पांढरे मोजे आणावेत, आणि खेळाच्या तासाला आपापल्या गटाच्या रंगाचा टी-शर्ट घालावा. पालक हे सर्व साहित्य विकत आणतात व आपले कर्तव्य संपले असे समजतात. वस्तुतः ते तेथे सुरू होते. खेळाचे साहित्य सांभाळण्याचा कारभार मुलाच्या हाती पायरीपायरीने सोपवणे हे घराचे काम आहे, आणि तो कारभार त्याला साधेपर्यंत मैदानाचे दार त्याच्यासाठी उघडे ठेवणे हे शाळेचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आज मात्र ही दोन्ही कामे नेमकी उलट चाललेली दिसतात. घर मुलाची पिशवी भरून देते आणि त्याला काहीच शिकू देत नाही. शाळा बूट विसरलेल्या मुलाला मैदानाबाहेर उभे करते आणि त्याला खेळू देत नाही.

मूल बूट विसरते ते बेफिकिरीने, हा आपला पहिला आणि सर्वांत सवंग निष्कर्ष असतो. परंतु पुस्तके आणि खेळाचे साहित्य यांत एक मूलभूत भेद आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. पुस्तकाची गरज रोज पडते, आणि रोज घडणारी गोष्ट सवयीच्या अंगाने आपोआप घडत राहते. खेळाचा तास आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा येतो, तोही ठरावीक अंतराने नव्हे, आणि जून-जुलैमध्ये तर वेळापत्रकच कच्चे असते, म्हणजे सोमवारचा तास पुढच्या आठवड्यात गुरुवारी गेलेला असतो आणि त्याची वार्ता वर्गाच्या फळ्यावरून घरच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली नसते. पुढे करावयाच्या कामाची आज आठवण ठेवणे, ही शक्ती पाठांतराच्या शक्तीहून भिन्न आहे. मेंदूचा जो पुढचा भाग नियोजनाचा भार वाहतो, तो पक्व होण्याचे कार्य विशी ओलांडल्यानंतरही काही वर्षे चालू राहते, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. मग दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून मुरलेल्या कारकुनाच्या टिपणवहीची अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे? त्यातच प्राथमिक शाळेत ज्या बाई ‘उद्या खेळाचा तास आहे बरं का’ असे सुटण्याच्या वेळी आठवणीने सांगत असत, त्या आता नाहीत. नव्या शाळेत हे सांगणे कोणा एकाचे काम नसते, म्हणून ते कोणाचेच राहत नाही.

याला आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या क्रीडासंस्कृतीच्या इतिहासात दडलेले आहे. लंगडी, आट्यापाट्या, हुतूतू, खो-खो हे आपले खेळ मोकळी जमीन आणि चार सवंगडी एवढ्या भांडवलावर उभे राहिले; अनवाणी पायांनी आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ते खेळले गेले. याची थोरवी निर्विवाद आहे, कारण त्यामुळेच गरिबातल्या गरीब मुलालाही मैदान पारखे झाले नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, खेळाचे साहित्य नावाची काही वस्तू असते, ती धुवावी, वाळवावी, जपावी लागते, असा शिरस्ताच मराठी घरांत पडला नाही. आज काळ पालटला आहे. कबड्डी मातीवरून मॅटवर गेली आणि खेळाडूंच्या पायांत बूट आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तीत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तो खेळही मॅटवर आणि बूट घालूनच खेळला गेला. म्हणजे ज्या खेळाला केवळ दोन खांब पुरत असत, त्यालाही आता साहित्याचा संसार आला आहे. आई-वडिलांना आपल्या बालपणी जे करावे लागले नाही, ते मुलाला शिकवण्याची पाळी त्यांच्यावर आली आहे.

अपवाद आहे तो तालमीचा, आणि तो मोठा बोधप्रद आहे. कोल्हापूरकडच्या तालमींतील हौद्याची लाल माती ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मऊ राखावी लागते, आणि ती उकरण्याचे व सारखी करण्याचे श्रम तेथील पठ्ठेच करतात. नवशिक्या पोरगा डाव शिकण्यापूर्वी फावडे धरायला शिकतो. त्यासाठी कोणी वेगळा गडी ठेवलेला नसतो आणि आई तर तेथे पाऊलही टाकत नाही. साहित्याची सेवा हा खेळाचाच पहिला भाग आहे, ही समजूत तेथे कोणी तोंडाने सांगत नाही. ती हातांतून हातांत जाते. तालमीने जे साधले ते हायस्कुलातल्या पोराच्या बाबतीत आपल्या घरी साधू नये, असे काहीही नाही.

प्रत्यक्ष घरात काय करावे, याचा विचार मी थोडा विस्ताराने करणार आहे, कारण उपदेश पुष्कळ होतो आणि तजवीज मात्र कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट म्हणजे खेळाच्या साहित्याला स्वतःची वेगळी पिशवी असावी आणि त्या पिशवीला घरात स्वतःची एक खुंटी असावी. दाराजवळची, मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवरची. पिशवी जाड सुती कापडाची असली तर उत्तम, कारण तिच्यातून वारा खेळतो. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घामाचा टी-शर्ट एक रात्र राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो, तो मुलाला वर्गात लाजिरवाणे करून सोडतो. पिशवीत काय काय हवे, याची यादी आईने लिहू नये. मुलानेच एका पुठ्ठ्यावर, वाटल्यास चित्रे काढून, ती तयार करावी आणि खुंटीशेजारी टांगावी. दुसऱ्याच्या हस्ताक्षरातील यादी हा हुकूम असतो, स्वतःच्या हस्ताक्षरातील यादी हा करार असतो.

दुसरी गोष्ट आठवणीची. ‘विसरू नकोस’ असा तगादा लावल्याने स्मरणशक्ती वाढत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दाखवून दिले आहे की, नुसता संकल्प केला तर तो बहुधा विरून जातो. परंतु अमुक प्रसंग आला की मी तमुक कृती करीन, असा प्रसंगाशी बांधलेला संकल्प तडीस जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आपल्या घरात अशा बांधणीला जागा भरपूर आहेत. रात्रीचे जेवण झाले, ताट उचलून मोरीत ठेवले, की उद्याचे वेळापत्रक पाहून खुंटीवरची पिशवी भरायची. शाळेतून आल्यावर बूट पायांतून निघाले, की मोजे तत्क्षणी बादलीत जायचे आणि टी-शर्ट दोरीवर. सकाळची वेळ या कामासाठी मुळीच योग्य नाही. शनिवारची शाळा सकाळची असते, घरात डबा आणि पाणी यांची घाई असते, आणि त्या घाईत पांढरा मोजा एकच सापडणे ही घरोघरची कथा आहे.

आणि मग पाऊस. ज्यांनी हे वेळापत्रक आखले त्यांना कोकणातला, घाटमाथ्यावरचा किंवा मुंबईतला जुलै ठाऊक नसावा असे कधी कधी वाटते. गुरुवारी भिजलेले कॅनव्हासचे बूट शनिवारी पहाटेपर्यंत वाळत नाहीत, आणि ओले बूट घालून तासभर पळालेल्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यावर उपाय साधा आहे, पण तो मुलाला शिकवावा लागतो. बूट घरी येताच त्याच्या नाड्या काढाव्यात, आतला सुटा तळवा बाहेर काढावा, चिखल ओल्या फडक्याने पुसावा, आणि जुन्या वर्तमानपत्राचे बोळे टाचेपासून चवड्यापर्यंत घट्ट कोंबावेत; दोन-तीन तासांनी ते बोळे भिजून लिबलिबीत झाले की बदलावेत आणि बूट रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवावेत. चुलीजवळ किंवा शेगडीवर बूट वाळवण्याचा मोह टाळावा, कारण त्या उष्णतेने तळव्याचा गोंद सैल पडतो आणि पंधरवड्यात बूट तोंड वासतो. पांढरे पॉलिश लावायचे ते बूट पूर्ण वाळल्यावर; ओल्या कापडावर लावलेले पॉलिश पहिल्याच फेरीत खपल्यांनी गळून पडते. दुसरा बूटजोड घेण्याची ऐपत बहुसंख्य घरांत नसते आणि त्याची आवश्यकताही नसते. मोज्यांचे तीन जोड मात्र असावेत. हे सर्व काम दहा वर्षांचे मूल स्वतः करू शकते. किंबहुना बोळे कोंबण्याचे काम मुलांना मनापासून आवडते, असे मी पाहिले आहे.

नावाविषयी दोन शब्द. एका तुकडीत साठ मुले, सर्वांचे बूट पांढरे, सर्वांचे टी-शर्ट एका गटाचे. तेव्हा वस्तू हरवते ती बहुधा चोरीला जात नाही, अदलाबदलीत जाते. कॉलरच्या आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याने मुलाची आद्याक्षरे आणि तुकडी भरावी, बुटाच्या जिभेखाली न पुसणाऱ्या शाईने तेच लिहावे. धोब्याची खूण ज्या कारणासाठी असते, त्याच कारणासाठी ही असते. टाका मुलाने स्वतः घातला तर आणखी चांगले. मुलगा असला तरी, आणि मी तर म्हणेन मुलगा असला तर अधिकच.

एवढी तजवीज झाल्यावर आईवडिलांनी काय करावे? मागे सरावे, आणि हेच सर्वांत कठीण आहे. पहिला महिनाभर मुलाच्या शेजारी बसून पिशवी भरवावी. दुसऱ्या महिन्यात त्याने भरावी आणि आपण केवळ पाहावे. गणपतीच्या सुट्टीनंतर पाहणेही सोडून द्यावे आणि फक्त आठवड्यातून एकदा खातरजमा करावी. मध्यंतरी तो विसरणारच. अशा वेळी फोन येतो, आणि बाप कचेरीतून रजा काढून किंवा आजी रिक्षा करून बूट घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर होते. त्यांच्या वात्सल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अशा तीन-चार खेपा झाल्या, की मुलाच्या मनात एक पक्का हिशेब तयार होतो: आठवण ठेवणे हे घराचे काम, खेळणे हे माझे. खेळातली चूक जशी खेळाडूला स्वतःलाच निस्तरावी लागते, तशीच ही चूकही त्याला निस्तरू द्यावी. फक्त घरी आल्यावर त्यावर दुसऱ्यांदा खटला भरू नये. यादीत काय कमी पडले, खुंटी चुकीच्या जागी आहे काय, वेळापत्रक बदलले होते काय, एवढी चौकशी पुरेशी आहे.

हे सर्व मी घराला सांगतो आहे ते एका अटीवर, आणि ती अट अशी की मुलाच्या चुकीची किंमत माफक असली पाहिजे. येथे मला शाळेशी भांडावयाचे आहे. बूट आणले नाहीत म्हणून मुलाला तासभर कडेला उभे करणे, उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावणे, सर्व रांगांसमोर त्याची हजेरी घेणे, हे प्रकार अनेक ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली चालू आहेत. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास स्पष्ट मनाई करते. परंतु कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूस ठेवला तरी तर्काचा मुद्दा उरतोच. वही विसरलेल्या मुलाला आपण गणित शिकण्यास बंदी करीत नाही. त्याला सुटा कागद देतो. मग बूट विसरलेल्या मुलाला खेळण्यास बंदी का? ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज आहे, जे मूल लाजाळू आहे, स्थूल आहे, धावण्यात मागे पडते, त्याला बूट विसरण्याची ही एक सोयीची पळवाट होऊन बसते, आणि शाळाच ती त्याला उघडून देते. कडेला बसून राहण्याची सवय एकदा लागली की ती दहावीपर्यंत सुटत नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, लेझीम, योगासने हे सर्व अनवाणी पायांनी उत्तम होते, आणि ज्या मातीत ते शतकानुशतके झाले ती माती अजून आहे. बूट नसलेल्या मुलाला त्या दिवशी त्या गटात घालावे आणि तासाच्या शेवटी जाळी, चेंडू, लेझिमी मोजून पेटीत ठेवण्याचे काम द्यावे. यातून चुकीची जाणीवही होईल आणि खेळही बुडणार नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे, आणि त्याविषयी वर्तमानपत्रात लिहिताना अजूनही जो संकोच बाळगला जातो तो मला अनाठायी वाटतो. हायस्कुलातला प्रवेश आणि वयात येणे या दोन गोष्टी मुलीच्या आयुष्यात जवळजवळ एकाच सुमारास येतात. नेमक्या त्याच वेळी आपण तिला सांगतो की मैदानावर शुभ्र पांढरा गणवेश घालून ये. डाग पडेल या एका धास्तीने किती मुली महिन्यातून चार-पाच दिवस ‘पोटात दुखते’ अशी चिठ्ठी आणतात, आणि पुढे ती चिठ्ठी कायमची होऊन त्यांचे मैदानच सुटते, हे कोणत्याही क्रीडाशिक्षिकेला विचारावे. शुभ्र पोशाखाच्या दंडकासाठी जगप्रसिद्ध असलेल्या विम्बल्डनच्या व्यवस्थापनानेदेखील २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची चड्डी वापरण्याची मुभा दिली. मग आपल्या शाळांनी शनिवारच्या पांढऱ्या रंगाचा हट्ट कशासाठी धरावा? खालचे वस्त्र गडद निळे किंवा काळे असावे, ते आखूड असावे की पायघोळ याची निवड मुलीकडे असावी. तिच्या पिशवीत एका लहान बटव्यात सॅनिटरी पॅड, एक जादा अंतर्वस्त्र आणि जुना वर्तमानपत्राचा कागद कायमचा असावा, आणि हा बटवा भरण्याचे काम आईने तिला लपूनछपून नव्हे, तर बूट वाळवण्याच्या कामाइतक्याच सहजतेने शिकवावे. ज्या घरात आई नाही, तेथे बापाने ते शिकवावे. यात कानकोंडे होण्यासारखे काही नाही. धावणाऱ्या मुलीला योग्य आधाराची अंतर्वस्त्रे लागतात, हेही साहित्याच्या यादीतले कलम आहे; छापील कागदावर ते कधीच नसते. आणि कपडे बदलायला कडी असलेली एक खोली. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची अट आहे. त्या जागेत एक खुंटी व एक फळी लावण्यास कितीसा खर्च येतो?

ओझ्याचा विचारही याच अनुषंगाने केला पाहिजे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासननिर्णय महाराष्ट्रात जुलै २०१५ मध्ये निघाला आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे. तीस किलो वजनाच्या मुलाच्या वाट्याला याप्रमाणे तीन किलो येतात. पुस्तके, वह्या, डबा आणि पाण्याची बाटली यांनीच ही मर्यादा गाठली जात असेल, तर बूट आणि कपडे वाहायचे कोणी? वर्गाच्या मागच्या भिंतीला कप्प्यांची एक साधी लाकडी मांडणी केली, आणि बूट पावसाळ्यापुरते तरी शाळेतच ठेवण्याची मुभा दिली, तर मुलाची पाठ वाचेल आणि विसरण्याचे निम्मे प्रसंग मुळातच टळतील.

खर्चाविषयी थोडक्यात सांगतो. मुलाचा पाय झपाट्याने वाढतो, म्हणून दोन वर्षे पुरावेत अशा बेताने मोठे बूट घेण्याची जी रीत आहे ती तोट्याची आहे. सैल बुटात टाच घासून फोड येतात, मूल अडखळते, आणि ते बूट विसरण्याकडे त्याचा कल होतो. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा पुरे. लहान झालेले पण धड असलेले बूट शाळेच्या एका पेटीत जमा करण्याची पद्धत पाडावी. गरजू मुलाने त्यातून मापाचा जोड निमूटपणे घ्यावा, विसरलेल्याने तासापुरता घ्यावा. कोणी कशासाठी घेतला याची विचारणा होऊ नये. अमुक दुकानातूनच टी-शर्ट घ्या, अशी सक्ती तर कदापि नसावी.

या सर्व सूचना कोणाच्या दारात मांडायच्या, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. शासकीय आणि अनुदानित शाळांत शिक्षणाच्या त्याच अधिनियमाच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. समग्र शिक्षा योजनेखाली खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार, उच्च प्राथमिक शाळेला दहा हजार आणि माध्यमिक शाळेला पंचवीस हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार या पालकांना आहे, आणि त्याच बैठकीत गडद रंगाची विजार, वर्गातली मांडणी, बुटांची पेटी आणि बूट नसलेल्या मुलालाही खेळू देण्याचा नियम, असे चार ठराव मांडण्याचाही आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघाच्या सभेत हेच करता येईल. बहुतेक शाळांत वर्षातली पहिली सभा जुलैमध्ये होते. गणवेशाचा रंग पुढच्या वर्षासाठी बदलायचा असेल, तर ठराव त्या सभेतच यायला हवा. दिवाळीनंतर कापडाचे कंत्राट ठरून गेलेले असते.